सबनीसांच्या परसातले नरभक्षक

जुलैमधल्या एका शनिवारी, पावणेबाराच्या सुमाराला, बाहेर अठ्ठ्याण्णव डिग्री फॅरनहाइटचं ऊन आणि अंगाला ओल्या टॉवेलसारखी चिकटणारी हवा असताना, प्रल्हाद सबनीस टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आपल्या घरामागच्या लॉनवर बर्फात गोठून मरत होते.

बर्फ बटाट्याचा होता. गरम पाण्यात ढवळलं की दोन मिनिटांत कुस्करलेला बटाटा तयार होतो, तसले सुके पांढरे पापुद्रे डब्यांतून मिळतात. ते तीन दुकानं पालथी घालून आणले होते आणि लॉनभर पसरले होते. सबनीसांच्या अंगावर लोकरी ओव्हरकोट, गळ्यात दोन मफलर, हातात मोजे आणि भुवयांवर बटाटा. त्यांची सोळा वर्षांची मुलगी सीमा व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन त्यांच्या डोक्याशी उभी होती.

"बाबा, डोन्ट ब्लिंक. यू आर ऑलमोस्ट डेड."

"अगं, घाम डोळ्यात जातोय."

"पीपल डोन्ट स्वेट इन अ ब्लिझर्ड, बाबा."

सेहेचाळीस वर्षांचा इंजिनियर गृहस्थ, ज्याच्या घरात अंडंसुद्धा फक्त केकच्या आडून येतं, तो परसात पडून स्वतः खाल्लं जाण्याची वाट बघतो, याला काहीतरी कारण लागतं. कारण मार्च महिन्यात घडलं होतं. त्या वर्षी, म्हणजे १९८६ साली, तेलाचा भाव असा काही कोसळला की ह्यूस्टनच्या आसपास ज्याच्या त्याच्या दारात 'घर विकणे आहे'ची पाटी लागली. सबनीस सोळा वर्षं पाइपलाइनचे व्हॉल्व्ह डिझाइन करत होते. एका शुक्रवारी त्यांना एक पुठ्ठ्याचं खोकं देण्यात आलं आणि त्यात आपलं सामान भरून घरी जायला सांगण्यात आलं. सोळा वर्षांचं सामान अर्ध्या खोक्यातच मावलं, याचं त्यांना नोकरी गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

ही गोष्ट त्यांनी बायको आणि मुलगी सोडून कुणालाही सांगितली नाही. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलंच तर ते म्हणत, "सध्या घरूनच एक प्रोजेक्ट बघतोय." त्या काळी घरून कुणीच काही बघत नसे, पण ऐकणारे सभ्य होते.

पद्मजाबाई हॉस्पिटलच्या रक्तपेढीत कामाला होत्या. त्यांनी जास्तीच्या शिफ्ट घेतल्या. सबनीसांनी घर हातात घेतलं, आणि खरा धोका तिथे सुरू झाला. त्यांनी मसाल्याच्या बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमे लावल्या, त्यामुळे मोहरी आणि जिरं यांची अनेक वर्षांची ताटातूट झाली. टॉवेलांना नंबर दिले. लॉनच्या स्प्रिंकलरला सात दिवसांचं वेळापत्रक असलेला टायमर बसवला, आणि त्याची माहितीपुस्तिका स्वतः लिहून तिच्या प्रती घरात वाटल्या. जूनच्या सुरुवातीला पद्मजाबाई शिफ्टवरून आल्या, फोडणीला तेल तापवलं, हिंग सापडेना म्हणून 'ए'खाली शोधला, मग 'एच'खाली शोधला, आणि गॅस बंद करून शांतपणे मुलीच्या खोलीत गेल्या.

"सीमा, तुझ्या त्या सिनेमात बाबांना काहीतरी काम दे. नाहीतर मीच त्यांचं काहीतरी करीन."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सीमानं कॉर्नफ्लेक्स खाता खाता विचारलं, "बाबा, डू यू वाँट टू बी ईटन?"

लायब्ररीनं शाळेतल्या मुलांसाठी सिनेमांची स्पर्धा ठेवली होती. बारा मिनिटांची मर्यादा. सीमानं इतिहासाच्या पुस्तकात जुन्या काळी अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या लोकांबद्दल वाचलं होतं. बैलगाड्यांचे तांडे, डोंगरातली खिंड, अवेळी पडलेला बर्फ, संपलेलं धान्य, आणि मग जे पुस्तकात दोनच ओळींत उरकलं होतं ते. तिच्या गोष्टीत एक वाटाड्या होता. आपल्याला जवळचा रस्ता माहीत आहे असं छातीठोक सांगून तो तांड्याला खिंडीत आणून अडकवतो. अन्न संपतं. मग ही मंडळी एकमेकांना खायला लागतात, पण अत्यंत शिष्टाचारानं. मांडीवर नॅपकिन, आधी प्रार्थना, आणि मग आग्रह. "तुम्ही घ्या ना शेवटचा तुकडा." "छे छे, पोट भरलं." "माझी शपथ आहे." "बरं, अगदी अर्धा."

"हे तुला सुचलं कसं?" सबनीसांनी विचारलं.

"मंडळाच्या पॉटलकमध्ये," सीमा म्हणाली. पॉटलक म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण.

वाटाड्याचं काम सबनीसांचं. तो शेवटी खाल्ला जातो.

व्हिडिओ कॅमेरा आपल्या मराठी मंडळींत एकच होता, मंडळाचा. तो अध्यक्ष जगन्नाथ पेंढरकरांच्या ताब्यात असे. पेंढरकर व्यवसायानं भूल देणारे डॉक्टर. त्यांची भाषणं ज्यांनी ऐकली होती त्यांना हे वेगळं सांगावं लागत नसे. मंडळाच्या घटनेतल्या नवव्या कलमाप्रमाणे कॅमेरा 'धार्मिक, सांस्कृतिक आणि बारशाच्या' कार्यक्रमांसाठीच देता येत होता. सबनीसांनी तीन प्रतींत अर्ज केला. 'कार्यक्रमाचं स्वरूप' या रकान्यात काय लिहावं यावर त्यांनी एक पूर्ण सकाळ घालवली आणि शेवटी 'सहभोजन' असं लिहिलं.

पेंढरकरांनी फोन केला. "सबनीस, हे सहभोजन कसलं?"

सबनीसांना खोटं फार वेळ धरून ठेवता येत नसे. त्यांनी सांगून टाकलं.

"नरमांसभक्षण सांस्कृतिक आहे का, हा प्रश्न कमिटीत उपस्थित होऊ शकतो," पेंढरकर म्हणाले. "पण नाटक म्हणजे संस्कृती, हे मी कमिटीला पटवून देईन. एकच विचारायचं होतं. यात कोणी मरतं का?"

"एक सोडून सगळेच."

"कॉलेजात असताना मला मरण्याचं बक्षीस मिळालं होतं," पेंढरकर हळुवार आवाजात म्हणाले. "मला किती वेळ मिळेल?"

अशा तऱ्हेनं तांड्याचा श्रीमंत सावकार ठरला. सिनेमातला धर्मोपदेशक, म्हणजे शेवटपर्यंत जिवंत राहून सगळ्यांना खाणारा माणूस, म्हणून अतुल आला. हा मूळचा नागपूरचा, ह्यूस्टनला केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होता आणि चार वर्षं ब्रेड आणि शेंगदाण्याच्या लोण्यावर जगत होता. त्याला भुकेचा अभिनय करावा लागणार नव्हता.

राहता राहिलं मांस. "माझ्या भांड्यांत मांस शिजणार नाही," पद्मजाबाईंनी सांगितलं, आणि व्हिएतनामी दुकानातून कच्च्या फणसाचे डबे आणवले. गोडा मसाला, थोडा गूळ, वर खोबरं. फणसाचे ते धागे, तो तपकिरी रस, अगदी हुबेहूब. इतकं हुबेहूब की सबनीसांना बघवेना, आणि इतकं चवदार की पहिल्या टेकच्या आधीच अतुलनं निम्मा सावकार संपवला. तिसऱ्या टेकला नरभक्षकांनी पोळ्या मागितल्या.

रक्ताच्या बाबतीत पद्मजाबाई आणखी कडक. सीमानं मक्याच्या पाकात लाल रंग कालवला होता. "हे रक्त आहे? हे सरबत आहे," असं म्हणून त्यांनी त्यात कोको घातला, चमच्यानं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, पुन्हा चिमूटभर घातला आणि निर्वाळा दिला, "हं. आता दोन तासांपूर्वीचं वाटतंय."

तर त्या शनिवारी सबनीस बर्फात मरत होते. बरोबर बारा वाजता, त्यांनी स्वतः लावलेल्या आणि स्वतः लिहिलेल्या पुस्तिकेत पान चारवर नमूद केलेल्या वेळापत्रकानुसार, लॉनवरचे सहाही स्प्रिंकलर एकदम सुरू झाले.

दोन मिनिटं म्हणतात ते डब्यावाले, पण टेक्सासच्या उन्हात बटाटा त्याहून लवकर होतो. बर्फाचा आधी चिखल झाला, मग लापशी, आणि मग सगळं लॉन फुगून वर आलं. सबनीस उठायला गेले तेव्हा ओव्हरकोट जागचा हलेना. तेवढ्यात आगमुंग्या आल्या. टेक्सासच्या या लाल मुंग्या चावल्या की जाळल्यासारखं होतं, आणि कुस्करलेल्या बटाट्याचं आमंत्रण त्यांना वेगळं द्यावं लागत नाही. सबनीस ओव्हरकोटातून पाय झाडत, "अगं आई गं" असं ओरडत परसाच्या चार प्रदक्षिणा घालून आले. वाटेत मफलर गेला, एक मोजा गेला, आणि ओरडता ओरडता त्यांनी हॉलिवूडविषयी काही मतं व्यक्त केली ती सीमाला कळली नाहीत हे बरंच झालं. ती "कीप रनिंग, बाबा! कीप रनिंग!" म्हणत मागे धावत शूटिंग करत होती.

कुंपणापलीकडे मिसेस व्हीलर उभ्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या, आणि आपल्या वसाहतीच्या रहिवासी समितीच्या चिटणीस.

सोमवारी पत्र आलं. सबनीसांनी परवानगीशिवाय आपल्या लॉनवर 'खाद्य स्वरूपाचं आच्छादन' घातलं असून, असा बदल करायचा तर सोबतचा फॉर्म भरून सहा आठवडे थांबावं लागेल. सबनीसांना फॉर्म भरायला नेहमीच आवडत असे. त्यांनी पेन घेतलं. 'वनस्पतीचं नाव': बटाटा. 'लागवडीची पद्धत': हातानं शिंपडून. 'पूर्ण वाढ झाल्यावरची उंची': पाणी लागल्यास साडेतीन इंच. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे लिहीत होते की सीमा त्यांच्याकडे बघून हसायची की रडायची ते न कळून बाहेर निघून गेली.

फॉर्म घ्यायला मिसेस व्हीलर स्वतःच आल्या. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही लोक तिथे मागे नक्की काय करताय?"

सबनीस सांस्कृतिक कार्यक्रमाविषयी बोलू लागले, पण सीमानं मध्येच सगळी गोष्ट सांगून टाकली. गाड्या, खिंड, भूक, नॅपकिन. मिसेस व्हीलर ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्या. सबनीसांना वाटलं, आता दुसरं पत्र येणार.

"माझी आजी आठ वर्षांची असताना तशाच गाडीतून आली," त्या म्हणाल्या. "बर्फ नव्हता, पण पाणी संपलं, मग खाणं संपलं. बैलाच्या कातड्याचे पट्टे उकळून प्यायले ते. म्हातारपणी आम्ही सगळे पोटभर जेवत होतो तरी तिच्या एप्रनच्या खिशात पावाची एक कड असायची." मग त्या सीमाकडे वळल्या. "शिष्टाचाराचं तू बरोबर लिहिलंयस. आजी म्हणायची, अगदी शेवटी शेवटी सगळे फार अदबीनं वागायला लागले होते."

पद्मजाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"फॉर्मचं मी बघते," मिसेस व्हीलर कप उचलत म्हणाल्या. "तुमच्या तांड्यात विधवा कोण करतंय?"

पुढच्या शनिवारी त्या खऱ्याखुऱ्या सुती बॉनेटमध्ये, म्हणजे हनुवटीखाली बांधायच्या जुन्या टोपड्यात, आजीचा लोखंडी तीन पायांचा हंडा घेऊन आल्या. या वेळी बर्फाऐवजी पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, आणि स्प्रिंकलरचा टायमर पद्मजाबाईंनी भिंतीवरून उपटून कपाटात ठेवला होता. सकाळी पेंढरकरांचा मृत्यू होता. छातीत कुऱ्हाड घेऊन ते जे मरायला लागले ते आवरेनात. एकदा पडले, उठले, आभाळाकडे हात केले, आपल्या सोन्याच्या थैलीची आठवण काढली, पुन्हा पडले. त्यांच्या किंकाळ्या अख्ख्या रस्त्याला ऐकू जात होत्या, आणि कुंपणाच्या फटीतून बघणाऱ्या कुणाला रक्तानं माखलेली कुऱ्हाड दिसत होती. पद्मजाबाईंचा कोको कामाला आला होता.

सव्वाअकराला परसाचं दार उघडून एक डेप्युटी, म्हणजे शेरीफचा पोलीस, आत आला. तरुण, उंच, हात कमरेच्या पट्ट्यावर. त्यानं कुऱ्हाड बघितली, चादरीवर पडलेले पेंढरकर बघितले, बॉनेटमधल्या मिसेस व्हीलर बघितल्या, आणि गाल फुगवून काहीतरी चघळणारा अतुल बघितला.

"हंड्यात काय आहे?" त्यानं सबनीसांना विचारलं.

"जॅकफ्रूट," सबनीस म्हणाले. घाबरल्यामुळे त्यांचा आवाज 'जॅक'वरच अडकला.

"जॅक कोण?"

"कोणी नाही! फळ आहे! झाडाला लागतं!"

डेप्युटी वाकला. त्यानं वास घेतला. मिसेस व्हीलरनी त्याला चमचा दिला. त्यानं जरा विचार केला, चव घेतली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "ब्रिस्केट," तो म्हणाला. गाईचं मांस आपल्या घरात शिजल्याचा आरोप एरवी सबनीसांनी सहन केला नसता. त्या क्षणी त्यांनी मान डोलावली.

गैरसमज मिटला, तरी रिपोर्ट लिहावा लागणार होता. डेप्युटीनं वही काढली. नाव. सबनीसांनी 'प्रल्हाद'चं स्पेलिंग तीनदा सांगितलं. पत्ता. आणि मग, वहीतून वर न बघता, "काम काय करता?"

सबनीसांनी सीमाकडे पाहिलं. ती कॅमेरा खाली घेऊन पायाशी बघत होती. अतुल उभा होता. पेंढरकर दोन पावलांवर मेलेले पडले होते. मंडळाचे अध्यक्ष. 'घरून प्रोजेक्ट' हे शब्द सबनीसांच्या ओठांपर्यंत आले. पण पोलिसाच्या वहीत खोटं लिहवून घ्यायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

"काही नाही," ते म्हणाले. "मार्चमध्ये नोकरी गेली."

डेप्युटीनं लिहून घेतलं.

"आम्हाला एप्रिलपासून माहीत आहे," प्रेत म्हणालं.

सबनीस वळले. पेंढरकरांचे डोळे अजून मिटलेले होते, कुऱ्हाड छातीवर होती.

"माहीत आहे? मग कुणी विचारलं का नाही?"

"तू सांगितलं नाहीस म्हणून."

"आणि दर रविवारी मंडळात सगळे मला प्रोजेक्ट कसा चाललाय विचारत होते ते?"

"दुसरं काय विचारणार?" पेंढरकरांनी आता एक डोळा उघडला. "प्रल्हाद, तुला काय वाटलं, आमच्या बागेत दर आठवड्याला पाच-पाच दुधी येतात? आमच्या बागेत गवत पण नीट येत नाही. विकत आणतो मी ते."

एप्रिलपासून पेंढरकरांकडून 'बागेतला आहे' म्हणून सबनीसांच्या घरी दुधी येत होता. भाजी, कोफ्ते, थालीपीठ, हलवा. सबनीसांना दुधी अजिबात आवडत नव्हता. पेंढरकरांच्या बागेला त्यांनी मनातल्या मनात काय काय बोल लावले होते ते आठवून सबनीस खाली बसले. बटाट्याच्या नाही, चादरीच्या बर्फात.

डेप्युटीनं वही मिटली, मिसेस व्हीलरना सलाम केला, आणखी एक चमचा घेतला आणि गेला.

"बाबा," सीमा म्हणाली, "वुई कॅन स्टॉप फॉर टुडे."

"नाही. माझा सीन करून टाकू. कोट घातलेलाच आहे."

वाटाड्याचा तो शेवटचा सीन. अन्न संपलंय, सगळे त्याच्याकडे बघतायत, आणि तो स्वतःच म्हणतो, आता माझी पाळी. दोन वाक्यं होती, इंग्रजीत. सबनीसांनी ती आरशासमोर पाठ केली होती आणि दर वेळी ती व्हॉल्व्हच्या सूचनापत्रासारखी ऐकू येत. पद्मजाबाई सकाळची शिफ्ट अर्धी टाकून घरी आल्या होत्या. पांढऱ्या कोटातच मागच्या दारात उभ्या राहिल्या. सीमानं कॅमेरा उचलला.

सबनीसांनी तोंड उघडलं, आणि इंग्रजी वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"मला वाटलं होतं मला रस्ता माहीत आहे," ते म्हणाले. मराठीत. "तुम्हाला मी इतक्या लांब आणलं. खात्रीनं आणलं. आता पुढचं मला काही दिसत नाही. तुम्ही माझ्यावर विसंबून आलात, आणि मी... मला माफ करा."

मिसेस व्हीलरना एक शब्द कळला नव्हता. त्यांनी पुढे होऊन सबनीसांच्या मांडीवर नॅपकिन पसरला. ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

मग सीमाचा आवाज आला. "कट. बाबा, यू लुक्ड ॲट मी. यू आर सपोझ्ड टू लुक ॲट द विडो."

"तुझ्याकडेच बघत होतो," सबनीस म्हणाले.

त्यांनी आणखी तीन टेक घेतले. ते सगळे सूचनापत्रासारखे झाले.

एडिटिंगला पाच दिवस लागले. घरातला एक व्हीसीआर, पेंढरकरांचा एक, मध्ये वायर, आणि सबनीसांच्या हातात स्टॉपवॉच. हे काम त्यांना जमलं. कुठल्या बटणाला किती सेकंद उशीर लागतो याचा त्यांनी तक्ता बनवला. सिनेमा एकोणीस मिनिटांचा झाला होता. बारात बसवायचा होता. पेंढरकरांचा चार मिनिटांचा मृत्यू अकरा सेकंदांवर आला. ही बातमी द्यायला सबनीस स्वतः गेले. पेंढरकर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अकरा. बरं. त्यातले पडण्याचे किती?"

"माझं ते मराठी काढून टाक," सबनीसांनी गुरुवारी सीमाला सांगितलं. "चुकून बोललो. कुणाला कळणार आहे?"

"आय डिडन्ट गेट ऑल ऑफ इट आयदर."

"मग?"

ती टीव्हीकडे बघत होती. पडद्यावर सबनीस थांबवून ठेवले होते, तोंड अर्धं उघडं, भुवईवर घामाचा थेंब. "'दिसत नाही' मीन्स कान्ट सी, राइट?"

"हो."

"यू कुड हॅव टोल्ड मी, बाबा."

"काय सांगणार होतो?"

"दॅट यू आर स्केअर्ड." आणि मग, जरा अडखळत, शब्द जुळवत, "मी पण आहे. घाबरलेली. मार्चपासून."

सबनीसांनी काहीतरी करायचं म्हणून बटण दाबलं. ते चुकीचं होतं. टेप भर्रकन मागे गेली आणि पेंढरकर उताणे पडलेले होते ते ताडकन उठून उभे राहिले, कुऱ्हाड छातीतून निघून अतुलच्या हातात गेली. सीमाला हसू फुटलं. सबनीसांनाही. दोघं हसता हसता कधी रडायला लागले ते पद्मजाबाई डोकावल्या तेव्हा त्यांनाही नीटसं सांगता आलं नाही. पद्मजाबाईंनी फक्त दार ओढून घेतलं.

मराठी राहिलं. सबटायटल्स घालायला सीमानं नकार दिला.

ऑगस्टमधल्या शनिवारी दुपारी दोन वाजता लायब्ररीच्या सभागृहात सिनेमे दाखवले. मंडळाची बरीच मंडळी आली होती. मिसेस व्हीलर पहिल्या रांगेत. नरभक्षक एकमेकांना आग्रह करू लागले तसं सभागृह हसायला लागलं, आणि मागच्या रांगेतून एका बाईंचा दबका आवाज आला, "अगो, हे आपलं पॉटलक आहे!" बर्फाची लापशी होऊन वाटाड्या परसात चार फेऱ्या पळाला तेव्हा लोक खुर्च्यांवरून घसरले. सीमानं तो भाग 'गाईड लूझेस हिज माइंड' म्हणून वापरला होता. सबनीसांनी आपली प्रतिष्ठा शेवटची कधी पाहिली होती ते आठवायचा प्रयत्न केला.

आणि मग तो सीन आला. सबनीस पडद्यावरून थेट समोर बघत बोलायला लागले, आणि हसणं थांबलं. एकदम नाही, रांगेरांगेनं. शेवटी कुणीतरी नाक ओढलं तेवढाच आवाज राहिला.

पहिलं बक्षीस स्केटबोर्डवरच्या एका सिनेमाला गेलं. सीमाला उल्लेखनीय कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर तिचं आडनाव चुकलं होतं, पण सबनीसांनी ते असं धरलं होतं की जणू काचेचं आहे.

बाहेरच्या दालनात एक जाडजूड, उन्हानं रापलेला, बूट घातलेला माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. हातातली टोपी फिरवत.

"वाटाडे तुम्हीच ना?"

"हो."

"मला तुमचा एक शब्द कळला नाही," तो म्हणाला. "मी ड्रिलिंगवर होतो. वीस वर्षं. मला एप्रिलमध्ये काढलं."

"मला मार्चमध्ये," सबनीस म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "पाइपलाइन. व्हॉल्व्ह."

"कुठले?"

"बॉल व्हॉल्व्ह. मोठ्या दाबाचे."

"त्यांच्या सीलनी माझी जिंदगी खाल्लीय," तो माणूस म्हणाला, आणि दोघं भिंतीशी सरकले. त्याचं नाव डेल. सील का गळतात यावर त्याचं एक मत होतं आणि सबनीसांचं दुसरं होतं. सबनीसांनी प्रशस्तिपत्राच्या पाठीवर पेनानं आकृती काढली. सीमानं ते पाहिलं आणि कागद हलू नये म्हणून धरून ठेवला. पाऊण तास झाला. पेंढरकर येऊन आपल्या अकरा सेकंदांवर प्रतिक्रिया घेऊन गेले. लायब्ररीवाल्या बाई किल्ल्या वाजवू लागल्या तेव्हा पद्मजाबाईंनी जवळ येऊन हलकेच म्हटलं, "अहो, त्यांना घरी बोलवा ना. उद्या जेवायला."

"उद्या जेवायला या आमच्याकडे," सबनीस डेलला म्हणाले.

डेलच्या चेहऱ्यावर आनंद पसरला, आणि अर्ध्या वाटेत थबकला. त्यानं सबनीसांकडे पाहिलं. अतुलकडे पाहिलं. मग नुकताच सिनेमा दाखवला होता त्या सभागृहाच्या बंद दाराकडे पाहिलं.

"नक्की येईन," तो जपून म्हणाला. "फक्त, तुम्ही रागावणार नसाल तर, जेवायला काय आहे ते आधी कळेल का?"

सबनीस हसायला लागले. भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग त्यांना वरणाला इंग्रजी शब्द आठवेना. "तसं काही नाही हो," ते म्हणत राहिले, "अगदी साधं. पिवळं असतं. वर तूप." डेल आणखीच काळजीत पडला. शेवटी सीमानं एका हातानं लायब्ररीचं दार धरून ठेवलं, दुसऱ्या हातानं वडिलांना बाहेर काढलं, आणि पार्किंगमधल्या उन्हात उभं राहून डेलला वरणभात समजावून सांगायला सुरुवात केली.